कॉलेजचा अर्ज नेमका कधी भरायचा? मराठवाड्यातल्या विद्यार्थी-पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहावी-बारावीचे निकाल जवळ आले की मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतून जवळपास तेच प्रश्न येतात. त्यातले सगळ्यात जास्त वेळा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत, सोप्यापासून किचकटाकडे. नियम २०२५-२६ च्या प्रवेशप्रक्रियेत होते तसे दिले आहेत. तारखा दरवर्षी पुढेमागे होतात, त्यामुळे त्या वर्षीचं माहितीपत्रक उघडून तारीख स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या फोटोवर विसंबायचं नाही.

१. अर्ज आधी भरला तर नंबर आधी लागतो का?

प्रवेश कोणत्या पद्धतीने होतो यावर ते ठरतं. इंजिनिअरिंग, फार्मसी, कृषी, मेडिकल, पॉलिटेक्निक आणि अकरावी यांचे प्रवेश गुणवत्ता यादीने होतात. तिथे पहिल्या दिवशी अर्ज भरणारा आणि शेवटच्या दिवशी भरणारा सारखेच. सीईटीत दोघांचे पर्सेंटाइल सारखे आले तर आधी विषयनिहाय पर्सेंटाइल आणि पुढे बारावीचे गुण बघतात. अर्ज किती वाजता भरला हे कोणी बघत नाही.

अनेक कॉलेजांत बीए, बीकॉम, बीएस्सीच्या जागा मात्र आधी येईल त्याला दिल्या जातात. तिथे दिवस मोजावे लागतात (प्रश्न १०). तिसरा प्रकार संस्थास्तरावरच्या, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं त्या जागांचा. त्यांची जाहिरात आणि तारीख प्रत्येक कॉलेजची वेगळी असते (प्रश्न १२).

थोडक्यात, गुणवत्तेच्या प्रवेशात अर्ज लवकर भरण्याचा फायदा नंबरासाठी नसतो, चूक दुरुस्त करायला वेळ मिळावा यासाठी असतो. तो फायदा किती मोठा आहे ते प्रश्न ८ मध्ये आहे.

२. निकाल लागल्यावर तयारीला लागलं तर उशीर होतो का?

बहुतेक वेळा होतो. बारावीच्या मुलांचे काही दरवाजे निकालाच्या सहा-सात महिने आधीच बंद झालेले असतात. छत्रपती संभाजीनगरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाचे प्रवेश क्लॅट परीक्षेतून होतात. ती परीक्षा डिसेंबरच्या सुरुवातीला असते आणि तिचा अर्ज दिवाळीच्या आसपास बंद होतो. जेईई मेनच्या जानेवारीतल्या सत्राचा अर्जही ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच भरावा लागतो. राज्याच्या एमएचटी-सीईटीची नोंदणी डिसेंबर-जानेवारीत सुरू होते, नीटची साधारण फेब्रुवारीत.

पाच वर्षांचा लॉ आणि २०२४ पासून बीबीए, बीसीए, बीएमएस यांनाही सीईटी आहे. ही गोष्ट पुष्कळ घरांत जूनमध्ये कळते. ‘बारावी झाली की बीसीए घेऊ’ म्हणून थांबलेल्या मुलाला तेव्हा सांगावं लागतं की त्याची परीक्षा होऊन गेली.

दाखल्यांचं कामही बारावीचं वर्ष सुरू होतानाच हाती घ्यायचं. कोणतं कधी, ते पुढच्या दोन उत्तरांत आहे.

३. कोणता दाखला ३१ मार्चच्या आधी काढायचा आणि कोणता नंतर?

अर्ज अडतात त्यातले बरेच इथेच अडतात, म्हणून सविस्तर सांगतो.

जात प्रमाणपत्र, जात वैधता आणि वय-अधिवास-राष्ट्रीयत्वाचा दाखला, म्हणजे डोमिसाईल, यांना वर्षाची मुदत नसते. एकदा काढले की कायमचे. हे तिन्ही जितक्या लवकर काढाल तितकं बरं, अकरावीत काढले तरी चालतात.

उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमी लेयर आणि ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र यांचं गणित आर्थिक वर्षाशी बांधलेलं आहे. नॉन-क्रिमी लेयर प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षातल्या ३१ मार्चपर्यंत चालू असावं लागतं, म्हणजे २०२६-२७ च्या प्रवेशाला ३१ मार्च २०२७ पर्यंत. कोणी जागरूकपणे जानेवारी २०२६ मध्येच एक वर्षाचं नॉन-क्रिमी लेयर काढून ठेवलं, तर त्यावर बहुधा ‘३१ मार्च २०२६ पर्यंत वैध’ असा शिक्का असतो आणि जूनमध्ये तो कागद निरुपयोगी ठरतो. नॉन-क्रिमी लेयर तीन वर्षांच्या मुदतीचंही मिळतं. तुमच्याकडचं तसं असेल तर त्यावरची तारीख वाचा, कदाचित नवं काढायची गरजच पडणार नाही.

म्हणून हे तीन कागद १ एप्रिल उलटल्यावर लगेच टाकायचे. ‘आपले सरकार’वरून, सेतू केंद्रातून किंवा महा ई-सेवा केंद्रातून अर्ज जातो. उत्पन्नासाठी तलाठ्याचा अहवाल लागतो (या पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे). एप्रिलमध्ये तहसीलला गर्दी नसते. निकालानंतर तोच दाखला मिळायला दोन-तीन पट वेळ लागतो, कारण सगळा तालुका एकाच आठवड्यात सेतूवर आलेला असतो.

आणखी दोन गोष्टी. ईडब्ल्यूएस प्रमाणपत्राचा राज्याचा नमुना वेगळा आणि केंद्राचा वेगळा असतो. जेईई किंवा अखिल भारतीय कोट्यासाठी केंद्राचा लागतो, राज्याच्या कॅपला (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेला) राज्याचा. दोन्हीकडे अर्ज करणार असाल तर दोन्ही काढा. ओबीसींच्या केंद्रीय नमुन्याचंही तसंच. दुसरं असं की दाखल्यांच्या शपथपत्रांसाठी ५०० रुपयांचा मुद्रांक विद्यार्थ्यांना माफ असल्याचं सरकारने २०२५ मध्ये जाहीर केलं आहे. कोणी स्टँप पेपर आणायला लावला तर आधी तहसीलमध्ये विचारा.

४. जात वैधतेसाठी अर्ज कधी करावा?

अकरावीचा प्रवेश झाला की. बारावीच्या दिवाळीपर्यंत समितीकडे अर्ज गेलेला नसेल तर उशीर झाला असं समजा.

मुदतीचं कारण कागदांत आहे. समिती वडिलांकडच्या नात्यातले जुने पुरावे मागते. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसी व विशेष मागास प्रवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ ही मानीव तारीख आहे. जातीची नोंद त्या तारखेच्या आधीची असेल तर पुरावा भक्कम. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या महसुली नोंदी उर्दूत किंवा मोडीत सापडतात. खासरा पत्रक तहसीलच्या अभिलेख कक्षातून काढायचं, जाणकाराकडून वाचून घ्यायचं, भाषांतर करून त्याची साक्षांकित प्रत जोडायची, यात दोन-तीन महिने सहज जातात.

सगळ्यात सोपा पुरावा बहुतेकांच्या गावातच असतो. आजोबा, चुलत आजोबा किंवा आत्या ज्या जिल्हा परिषद शाळेत शिकल्या, तिथल्या प्रवेश-निर्गम नोंदवहीचा उतारा मुख्याध्यापकांकडून मागा. आधी तो शोधा, महसुली कागदांकडे नंतर वळा. आणि वडिलांच्या रक्ताच्या नात्यात कोणाला वैधता मिळालेली असेल, म्हणजे चुलत भाऊ, काका, आत्या, तर त्या प्रमाणपत्राची प्रत आणि वंशावळीचं शपथपत्र जोडल्याने काम फार हलकं होतं.

अर्ज ऑनलाइन भरून त्याची कागदी प्रत, कॉलेजच्या पत्रासह, जिल्ह्याच्या जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे द्यायची. अनुसूचित जमातीसाठी समिती वेगळी असते. कागदी प्रत दिली नाही तर ऑनलाइन अर्ज नुसता पडून राहतो, हे अनेकांना सहा महिन्यांनी कळतं. त्रुटी काढल्याचा संदेश येतो तोही वाचायला हवा. त्रुटीचं उत्तर गेल्याशिवाय फाईल पुढे सरकत नाही.

हैदराबाद गॅझेटच्या नोंदींवर कुणबी प्रमाणपत्र देण्याची पद्धत २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने ठरली. त्यातून प्रमाणपत्र मिळालं तरी व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेसाठी वैधता वेगळी काढावीच लागते. प्रमाणपत्र हाती पडल्याच्या आठवड्यातच वैधतेचा अर्ज टाका.

५. वैधता आली नाही, फक्त अर्जाची पावती आहे. राखीवमधून भरू की खुल्यातून?

राखीवमधून भरा, पण हिशेब करून. अलीकडच्या वर्षांत पावतीवर अर्ज घेऊन मूळ प्रमाणपत्र नंतर देण्याची मुभा दिलेली आहे. ती किती दिवसांची, हे त्या वर्षीच्या माहितीपत्रकात असतं. मुदतीत प्रमाणपत्र दिलं नाही तर राखीव जागा जाते आणि पुढचा विचार खुल्या प्रवर्गातून होतो. म्हणून पसंतीक्रम भरताना खुल्या प्रवर्गाच्या कटऑफमध्ये बसतील अशी चार-पाच कॉलेजंही खाली टाकून ठेवा.

‘हाती एसईबीसीचा (मराठा आरक्षणाचा) दाखला आहे आणि कुणबीचा अर्ज केला आहे, कोणता प्रवर्ग लिहू?’ हा याचाच धाकटा भाऊ. एकाच प्रवर्गातून अर्ज करता येतो. कागदपत्र तपासणीच्या शेवटच्या दिवशी ज्याचा पुरावा हातात असेल तो प्रवर्ग लिहा. येईल या आशेवर लिहू नका.

६. अकरावीचा अर्ज कॉलेजमध्ये जाऊन भरायचा की ऑनलाइन?

ऑनलाइन. २०२५-२६ पासून सगळ्या राज्यात अकरावीचे प्रवेश एकाच केंद्रीय प्रक्रियेने होतात. लातूरला थेट कॉलेजात जाऊन फॉर्म घेण्याची जुनी सवय आता उपयोगाची नाही. अर्जाचे दोन भाग असतात. पहिल्यात तुमची माहिती, दुसऱ्यात कॉलेजांची पसंती, एकापासून दहापर्यंत. पहिला भाग निकालाची वाट न पाहता, तो उघडल्याबरोबर भरून घ्या. दुसरा मात्र गुण हातात आल्यावर, कॉलेजचे मागचे कटऑफ समोर ठेवून भरा.

पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर तिथे प्रवेश घेणं बंधनकारक आहे. नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाहेर जातं. म्हणून ‘टाकून बघू’ म्हणून पहिल्या क्रमांकावर कोणतंही कॉलेज लिहायचं नाही. अंबाजोगाईच्या मुलीने लातूरचं नामांकित कॉलेज पहिलं टाकलं, ते मिळालं आणि मग राहण्याची सोय नाही असं लक्षात आलं, तर परतीची वाट नसते. खोली-मेसचा हिशेब आधी, पसंतीक्रम नंतर.

७. सीईटी दिली म्हणजे कॅपसाठी नाव आपोआप लागतं ना?

नाही. सीईटीचा अर्ज परीक्षेपुरता असतो. निकालानंतर कॅपची, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेची, नोंदणी वेगळी करावी लागते, तिचं शुल्क वेगळं भरावं लागतं आणि कागदपत्रं तपासून घ्यावी लागतात. शिवाय इंजिनिअरिंग, फार्मसी, कृषी यांच्या नोंदण्या स्वतंत्र असतात. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात बीएस्सी कृषी आणि नांदेडच्या एसजीजीएसमध्ये इंजिनिअरिंग असे दोन्ही विचार असतील तर दोन अर्ज भरा. चांगले पर्सेंटाइल असूनही यादीत नाव नाही, असा फोन दरवर्षी येतो आणि बहुतेक वेळा कारण हेच निघतं.

८. शेवटच्या दिवशी भरला तर काय बिघडतं? तारीख तर वाढतेच.

पुष्कळदा वाढते, दरवेळी नाही. आणि वाढली तरी खरी अडचण तिथे नसते.

अर्ज भरला म्हणजे काम संपलं असं नाही. तो तपासणी केंद्राकडे जातो. ई-तपासणी निवडली असेल तर केंद्रातला माणूस तुमची स्कॅन केलेली कागदपत्रं उघडून बघतो. काही चुकलं असेल, जसं उत्पन्नाच्या दाखल्याची मागची बाजू जोडली नाही, नॉन-क्रिमी लेयरची मुदत संपली आहे, फोटो अस्पष्ट आहे, तर अर्ज तुमच्याकडे परत पाठवतो. तुम्ही दुरुस्त करून पुन्हा पाठवायचा आणि केंद्राने तो कायम करायचा. हे सगळं ठरलेल्या तारखेच्या आत व्हायला हवं. शेवटच्या दिवशी दुपारी पाठवलेला अर्ज संध्याकाळी परत आला तर दुरुस्तीला तासभरच उरतो, आणि नेमका त्याच तासाला संकेतस्थळ संथ झालेलं असतं, ओटीपी येत नाही, किंवा यूपीआयवरून पैसे कापले जातात पण पावती तयार होत नाही.

पैसे कापले गेले आणि पावती नाही, असं झालं तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. थोडा वेळ थांबून खात्यात पुन्हा प्रवेश करा, शुल्काची स्थिती बदललेली दिसते का ते पाहा. एवढं थांबायलाही दिवस हाताशी असावे लागतात.

आमचं सांगणं असं: नोंदणी सुरू झाल्यापासून तिसऱ्या-चौथ्या दिवशी अर्ज पाठवा. पहिल्या दोन दिवसांत संकेतस्थळावरच्याच चुका दुरुस्त होत असतात. एखादा दाखला यायचा असेल तर बाकीचा अर्ज पूर्ण करून ठेवा आणि शेवटच्या तारखेच्या किमान तीन दिवस आधी पाठवाच. ‘स्टेटस’ रोज एकदा उघडून बघा. परत आलेला अर्ज कोणी फोन करून सांगेल या भरवशावर राहू नका.

तात्पुरती गुणवत्ता यादी लागल्यावर तक्रार नोंदवायला मोजके दिवस मिळतात. नाव, प्रवर्ग, गुण तेव्हाच तपासा. अंतिम यादीनंतर प्रवर्ग बदलून मिळत नाही.

९. पसंतीक्रमाचा फॉर्म लगेच लॉक करावा का?

नाही. अर्ज लवकर, पसंतीक्रम सावकाश. हा फॉर्म पहिल्या दिवशी भरून काहीच मिळत नाही. तो एकदा कायम केला की त्या फेरीपुरता बदलता येत नाही, आणि कायम करायचा राहिला तर धरला जात नाही. शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी सकाळी, घरात बसून, कागदावर लिहिलेली यादी समोर ठेवून भरणं उत्तम.

२०२५-२६ पासून इंजिनिअरिंगला चार फेऱ्या आहेत. पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली तर ती जागा आपोआप पक्की होते. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी, तिसऱ्यात पहिल्या सहापैकी काहीही मिळालं तर तेच पक्कं. चौथीत जे मिळेल ते अंतिम. पक्की झालेली जागा नाकारणारा पुढच्या फेऱ्यांत नसतो. त्याखालची पसंती मिळाली तर जागा स्वीकारून चांगल्यासाठी पुढच्या फेरीत थांबता येतं, पण जागा स्वीकारण्याचं १००० रुपयांचं शुल्क वेळेत भरलं पाहिजे.

म्हणून पहिल्या सहा ओळी सर्वांत महत्त्वाच्या. तिथे अशीच कॉलेजं आणि शाखा लिहा की ज्या मिळाल्या तर त्याच दिवशी बॅग भरून निघाल. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातली मेकॅनिकल की खासगी कॉलेजातली कॉम्प्युटर, हा वाद घरात आधी मिटवा.

१०. बीए, बीकॉम, बीएस्सीला कधी अर्ज करू?

निकालाच्या दुसऱ्या दिवशी. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिवची कॉलेजं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाला जोडलेली आहेत. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोलीची स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाला. अर्ज प्रत्येक कॉलेजला वेगळा. मागणी असलेल्या कॉलेजात गुणवत्ता यादी लागते, तालुक्याच्या कॉलेजात बहुधा जागा भरेपर्यंत प्रवेश चालतात. पण विषयांची जुळणी लवकर संपते. मायक्रोबायोलॉजी किंवा कॉम्प्युटर सायन्सच्या तुकड्या आधी भरतात, मग उरलेले विषय घ्यावे लागतात. इथे पहिल्या आठवड्यात गेल्याचा खरोखर उपयोग होतो. या प्रवेशाला साधारणपणे जात प्रमाणपत्रावर भागतं, वैधतेसाठी अडत नाही.

११. इंजिनिअरिंगचं ठरेपर्यंत बीएस्सीला प्रवेश घेऊन ठेवू का?

ठेवा, पण मूळ टीसीचा विचार करून. बीएस्सीच्या कॉलेजात बारावीचा मूळ टीसी जमा झाला की तुमचं नाव त्यांच्या नोंदवहीत चढतं. पुढे प्रवेश रद्द केल्यावर नवा टीसी ते कॉलेज देतं. त्याला अर्ज, ना-हरकत, लेखा विभागाची सही असं करत तीन-चार दिवस जातात, आणि कॅपमध्ये जागा मिळाल्यावर कॉलेजात हजर व्हायला तेवढेच दिवस असतात. त्यामुळे प्रवेश घेताना कॉलेजला विचारा की काही दिवस हमीपत्रावर टीसीची प्रत चालेल का. नाहीच म्हणाले तर जागावाटप जाहीर होण्याच्या दिवशीच रद्द करण्याचा अर्ज टाका. गुणपत्रिका आणि टीसीच्या दहा-दहा झेरॉक्स आणि स्वच्छ स्कॅन आधीच काढून ठेवा.

१२. कॅपची तारीख चुकली. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलं तर काय फरक पडतो?

पैशाचा, आणि तो फार मोठा आहे. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीला व्यावसायिक अभ्यासक्रमात कॅपमधून झालेला प्रवेश लागतो. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना २०२४-२५ पासून मिळणारी शिक्षण व परीक्षा शुल्काची १०० टक्के सवलतही कॅपमधून आलेल्यांनाच आहे. म्हणजे तारीख चुकलेली मुलगी त्याच वर्गात, त्याच बाकावर बसून पूर्ण फी भरते. चार वर्षांत ती रक्कम काही लाखांत जाते. शेतीवर चालणाऱ्या घराला हा फटका सोसवत नाही, म्हणून कॅपची नोंदणी कधीही सोडू नका. मॅनेजमेंटमधूनच घ्यायचं ठरलं असलं तरी.

संस्थास्तरावरच्या जागांसाठी कॉलेजकडे वेगळा अर्ज करावा लागतो. कॅप सुरू असतानाच जाहिरात येते, तेव्हाच भरा.

१३. नीटनंतर अर्ज एकच की दोन? मराठवाड्याचा ७०:३० कोटा अजून आहे का?

अर्ज दोन. १५ टक्के अखिल भारतीय जागांसाठी केंद्राच्या एमसीसीकडे (वैद्यकीय समुपदेशन समितीकडे) आणि ८५ टक्के राज्याच्या जागांसाठी सीईटी कक्षाकडे. दोन्हींच्या तारखा एकमेकींत अडकलेल्या असतात, म्हणून दोन्हींचं वेळापत्रक शेजारी-शेजारी लिहून भिंतीला लावा.

७०:३० चा विभागीय कोटा, म्हणजे ७० टक्के जागा त्याच विभागातल्या मुलांना, २०२० मध्ये रद्द झाला. राज्याच्या यादीत आता सगळा महाराष्ट्र एकत्र आहे. त्यामुळे पसंती फक्त लातूर, नांदेड, अंबाजोगाई, छत्रपती संभाजीनगर एवढ्यावर थांबवू नका. बीएएमएसचाही विचार असेल तर राज्याच्या नोंदणीतच तो अभ्यासक्रम निवडायला विसरू नका. नांदेड आणि धाराशिव इथे शासकीय आयुर्वेद महाविद्यालयं आहेत.

१४. मुलगा बारावीला बिदरला (किंवा हैदराबादला, राजस्थानातल्या कोटा शहरात) आहे. अर्जात फरक पडतो का?

पडतो, आणि हे अकरावीला पाठवण्याआधी कळायला हवं. राज्याच्या मेडिकल कोट्यासाठी, काही मोजके अपवाद सोडले तर, दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागते आणि डोमिसाईलही लागतं. उदगीर, देगलूर, निलंगा, उमरगा भागातली मुलं सीमा ओलांडून सहज बिदरला जातात. तिथून बारावी केली तर ८५ टक्क्यांचा दरवाजा बंद होतो. इंजिनिअरिंगला एवढं कडक नाही. तिथे आई किंवा वडिलांच्या डोमिसाईलवर ‘टाइप बी’मधून अर्ज करता येतो. तो दाखला पालकाच्या नावाचा लागतो, मुलाच्या नाही. मे महिन्यातच काढून ठेवा.

१५. आई-वडील ऊसतोडीला गेलेत. ओटीपी आणि सह्यांचं काय करू?

बीड, धाराशिव, जालना भागातून हा प्रश्न फार येतो. बरीचशी कुटुंबं दसरा-दिवाळीला जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात, म्हणजे सीईटी-नीटची नोंदणी नेमकी ते गावात नसताना होते. जाण्याआधी तीन कामं करून घ्या. अर्जासाठी विद्यार्थ्याच्या हातात राहील असा मोबाइल क्रमांक ठरवा आणि पुढे सगळीकडे तोच द्या. त्याच क्रमांकाला आधार जोडून घ्या. वैधतेच्या वंशावळीच्या शपथपत्रावर वडिलांच्या सह्या घेऊन ठेवा. उत्पन्नाचा दाखला ते परतल्यावर एप्रिलमध्येच काढायचा असतो (प्रश्न ३), त्यामुळे तो अडत नाही.

वडिलांचा क्रमांक दिला आणि ते फडात असताना ओटीपी दहा मिनिटांत मरतो, याने अनेक अर्ज अडकतात. क्रमांक सायबर कॅफेवाल्याचा तर कधीच देऊ नका. पासवर्डही त्याच्याकडे राहू देऊ नका, पुढे पसंतीक्रम त्याच खात्यातून भरायचा असतो.

१६. गुण कमी आलेत, पुनर्मूल्यांकन टाकलं आहे. निकाल येईपर्यंत अर्ज थांबवू का?

थांबवू नका. आहे त्या गुणांवर अर्ज भरा, गुण वाढले तर सुधारित गुणपत्रिका तपासणी केंद्राला दाखवून दुरुस्ती मागा. पुनर्मूल्यांकनासाठी आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत घ्यावी लागते, म्हणून निकालानंतर पहिल्या दोन-तीन दिवसांतच मंडळाकडे अर्ज करा. इंजिनिअरिंगला गुणवत्ता सीईटीवर ठरते. बारावीत भौतिकशास्त्र, गणित आणि तिसऱ्या विषयात मिळून खुल्यांना ४५ आणि राखीवांना ४० टक्के असले की पात्रता झाली. एवढे गुण असतील तर पुनर्मूल्यांकनाने फारसं काही बदलत नाही.

पुरवणी परीक्षा जून-जुलैत होते. एका विषयात राहिलेल्यांनी कॅपच्या नोंदणीची अट माहितीपत्रकात वाचावी आणि सोबत बीएस्सी-बीएच्या कॉलेजात चौकशी करून ठेवावी.

१७. आधारवर नाव एक, दहावीच्या गुणपत्रिकेवर दुसरं. अर्ज भरू का?

आधी आधार दुरुस्त करा, मग भरा. दहावीची गुणपत्रिका प्रमाण मानायची, बाकी सगळं तिच्याशी जुळवायचं. अर्ज गुणपत्रिकेप्रमाणेच भरा.

१८. वसतिगृह आणि शिष्यवृत्तीचा अर्ज प्रवेशाबरोबरच होतो का?

नाही, दोन्ही वेगळे. शिष्यवृत्ती महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर प्रवेश पक्का झाल्यावर भरायची. कॅप आयडी, फीची पावती आणि आधार जोडलेलं बँक खाते हाताशी ठेवा. समाजकल्याणच्या वसतिगृहाचे अर्ज मात्र पुष्कळदा कॉलेजचा प्रवेश होण्याआधीच सुरू होतात, म्हणून जूनपासून लक्ष ठेवा. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर अनुसूचित जातीच्या मुलांना स्वाधार, ओबीसी-भटक्यांना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजनेतून खोली-जेवणाचे पैसे मिळू शकतात. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहं आहेत. वसतिगृहाला अर्ज केल्याची पावती जपून ठेवा, पुढे ती मागितली जाऊ शकते.

१९. सगळ्याच तारखा गेल्या. आता?

आधी संस्थास्तरावरच्या रिकाम्या जागा पाहा, शिष्यवृत्तीचा फरक लक्षात ठेवून (प्रश्न १२). बीए-बीकॉमला विद्यापीठं मुख्य तारखेनंतरही विलंब शुल्क घेऊन काही दिवस प्रवेशाची परवानगी देतात, प्राचार्यांना भेटून विचारा. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे प्रवेश उशिरापर्यंत चालतात आणि त्याची विभागीय केंद्रं छत्रपती संभाजीनगर व नांदेडला आहेत. आयटीआयच्या शेवटच्या फेऱ्यांत रिकाम्या जागांवर प्रवेश मिळतो.

आणि वर्ष थांबायचंच ठरलं तर गॅपचं शपथपत्र पुढच्या अर्जाला लागेल. वैधतेची फाईल मात्र आजच टाका, पुढच्या जूनपर्यंत ती हातात असेल.